हाडांची भाषा वाचणारा विद्वान : डॉ. ह्यू फाल्कनर

महादेवाच्या देवळात गाभाऱ्याकडे वळण्यापूर्वी सभामंडपाच्या फरशीत बसविलेले एक दगडी कासव आपल्या दृष्टीस पडते. आपण त्यास नमस्कार करतो आणि पुढे जातो. समुद्रमंथनाच्या वेळी मंदर पर्वत आपल्या पाठीवर तोलून धरणाऱ्या कूर्मावताराची कथा आपण सर्वांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असते. पण एवढे अवाढव्य कासव या भूमीवर खरोखरच कधी वावरले असेल काय, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येतो? हा प्रश्न ज्याने मनात आणला, इतकेच नव्हे तर त्याचे उत्तर शोधण्यासाठी उन्हातान्हात डोंगर पालथे घातले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. ह्यू फाल्कनर. ते जन्माने स्कॉटिश, शिक्षणाने वैद्य, नोकरीने एका उद्यानाचे अधीक्षक. परंतु त्यांचे नाव अमर झाले ते जुन्या हाडांच्या अभ्यासामुळे.

फाल्कनर यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडच्या उत्तर भागातील फॉरेस या लहानशा गावी झाला. निसर्गाविषयीची ओढ त्यांच्या ठायी लहानपणापासूनच होती. ॲबर्डीन येथे त्यांनी साहित्य व तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घेऊन १८२६ साली एम. ए. ची पदवी मिळविली आणि पुढे एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास करून १८२९ साली ते एम. डी. झाले. वनस्पतिशास्त्राची व भूगर्भशास्त्राची गोडी त्यांना याच काळात लागली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत वैद्य म्हणून जाण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. परंतु त्या सेवेसाठी वयाची जी अट होती, ती पुरी होण्यास अद्याप काही अवधी होता. दुसरा एखादा तरुण असता, तर त्याने ते दिवस मौजेत घालविले असते. फाल्कनर यांनी ते लंडनमध्ये अभ्यासात घालविले. नॅथॅनिएल वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह नेला होता. त्याच्या वर्गीकरणाच्या कामी त्यांनी हातभार लावला. तसेच ब्रह्मदेशातील इरावती नदीच्या खोऱ्यातून आणलेली अश्मीभूत हाडे लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या संग्रहात होती, त्यांचेही त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. प्रतीक्षेच्या या दिवसांतच त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरून गेली.

१८३० साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील एशियाटिक सोसायटीतही ब्रह्मदेशातून आलेली काही हाडे होती. नवागत तरुण वैद्याने ती पाहिली, तपासली आणि त्यांवर टिपणही लिहिले. त्यामुळे विद्वानांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक मीरत येथे झाली. तेथून सहारनपूरला जाण्याचा योग आला असता तेथील सरकारी उद्यानाचे अधीक्षक डॉ. रॉईल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि १८३२ साली रॉईल यांच्या जागी फाल्कनर यांचीच नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

सहारनपूरपासून उत्तरेकडे पाहिले असता हिमालयाच्या पायथ्याशी टेकड्यांची एक लांबच लांब रांग दिसते. तीच शिवालिक पर्वतराजी. हिमालय जसजसा वर उचलला जात होता, तसतशा त्यावरून धावणाऱ्या नद्यांनी वाळू, माती आणि गोटे यांचे थरावर थर आणून टाकले आणि पुढे तेच थर दाबले जाऊन व उचलले जाऊन या टेकड्या बनल्या. नदीच्या गाळात जसे मेलेल्या जनावरांचे सांगाडे पुरले जातात, तसेच याही थरांत लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे सांगाडे पुरले गेले आणि कालांतराने त्यांचा दगड झाला. दगड झालेल्या अशा अवशेषांस जीवाश्म असे म्हणतात. हे खडक तृतीयक कालखंडातील असावेत, असे अनुमान फाल्कनर यांनी तेथे आल्यावर लवकरच बांधले. अनुमान बरोबर असेल, तर त्या खडकांत प्राण्यांची हाडे सापडावयास हवीत. १८३१ सालापासून तसे अवशेष त्यांच्या हाती लागू लागले आणि त्यांत मगरींच्या हाडांबरोबरच कासवांचीही हाडे होती.

या कामात त्यांना एक उत्तम सोबती लाभला. यमुनेच्या पूर्वेकडील दुआब कालव्याचे काम पाहणारे प्रॉबी कॉटली हे ते सोबती होत. पुढे १८५४ साली ज्या गंगा कालव्यातून पाणी सोडण्यात आले, तो कालवाही याच कॉटलींच्या कर्तृत्वाचे फळ होय. एक वैद्य आणि एक स्थापत्यविशारद, अशी ही जोडी. दोघांपैकी कोणीही प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हता. परंतु दोघांनाही डोळे उघडे ठेवून हिंडण्याची सवय होती.

अशी हाडे या प्रदेशात पूर्वी कोणास सापडलीच नव्हती, असे मात्र नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने कालव्यासाठी टेकडी खणविली, तेव्हा प्रचंड हाडे निघाली आणि लोकांनी ती राक्षसी देहाच्या मनुष्यांची मानली, असा उल्लेख फेरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथात आढळतो. फाल्कनर यांच्या वाचनात हा उल्लेख आला आणि त्यांनी तो केवळ दंतकथा म्हणून टाकून दिला नाही. जुन्या ग्रंथात अतिशयोक्ती असली तरी तिच्या मुळाशी एखादे खरे हाड असू शकते, हे त्यांनी ओळखले.

१८३४ साली एक महत्त्वाची गोष्ट घडली. नाहनच्या राजाने बेकर नावाच्या एका अधिकाऱ्यास हत्तीच्या दाताचा अश्मीभूत तुकडा भेट म्हणून दिला होता. ही वार्ता कानी येताच फाल्कनर यांनी चौकशी चालविली आणि तो तुकडा कोणत्या जागी सापडला याचा माग काढला. त्या जागी जाताच अवघ्या सहा तासांत त्यांना तीनशेहून अधिक हाडे मिळाली. त्यानंतर बेकर, ड्युरंड, कॉटली आणि फाल्कनर या चौघांनी मिळून त्या टेकड्यांतून जो साठा जमविला, त्याने युरोपातील विद्वान थक्क झाले. हत्तींच्या अनेक जाती, पाणघोडे, मगरी, सुसरी, घोडे आणि उंट यांचे अवशेष तर मिळालेच. पण जिराफाच्या कुळातील, परंतु आकाराने अवाढव्य आणि डोक्यावर चमत्कारिक शिंगे असलेल्या एका अज्ञात प्राण्याची कवटीही मिळाली. शिवालिकच्या नावावरून त्यांनी त्या प्राण्याचे नाव शिवथेरियम, म्हणजे शिवाचा पशू, असे ठेवले. तेथील दऱ्यांतून ओझी वाहणाऱ्या व खडक फोडणाऱ्या आपल्या देशबांधवांची नावे मात्र त्या ग्रंथांत नोंदली गेली नाहीत. त्यांच्या श्रमांवाचून हे काम पार पडले नसते, हे आपण विसरता कामा नये.

हाडे तर मिळाली. पण ती कोणाची हे ठरवावयाचे कसे? खरी अडचण येथेच होती. पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये बसलेल्या पंडिताजवळ मोठी ग्रंथालये असत आणि निरनिराळ्या जिवंत प्राण्यांचे सांगाडे मांडून ठेवलेली संग्रहालये असत. एखादे अनोळखी हाड हाती आले की ते त्या सांगाड्यांशी ताडून पाहता येई. सहारनपूरला ना तसे ग्रंथालय, ना तसे संग्रहालय. समुद्रमार्गे विलायतेहून पुस्तक मागवावयाचे म्हटले तरी ते हाती पडण्यास महिनोन्महिने लागत. अशा स्थितीत बहुतेक माणसे सापडलेली हाडे पेटीत भरून विलायतेच्या पंडितांकडे पाठवून मोकळी झाली असती.

फाल्कनर आणि कॉटली यांनी तसे केले नाही. त्यांनी निसर्गालाच आपले संग्रहालय मानले. आसपासच्या जंगलांतील व नद्यांतील प्राण्यांचे सांगाडे मिळवून, ते स्वच्छ करून त्यांनी मांडून ठेवले. वाघ, म्हशी आणि हरणे यांच्याबरोबर नद्यांतील मासे, मगरी आणि कासवे हीही त्यांच्या संग्रहात आली. यांतील बऱ्याच प्राण्यांची त्यांना शिकार करावी लागली. त्या काळी जंगले दाट होती आणि अशा शिकारीत कोणास काही वावगे वाटत नसे. आज ती गोष्ट आपल्या मनास खटकते आणि खटकावयासच हवी. परंतु त्यांच्या पद्धतीतील मर्म आपण ध्यानात घेतले पाहिजे. जे ठाऊक नाही ते समजून घेण्यासाठी जे जवळ आहे ते आधी पूर्णपणे जाणून घ्यावयाचे, हे ते मर्म होय. लाखो वर्षांपूर्वीचे कासव समजून घ्यावयाचे, तर गावाजवळच्या नदीत पोहणाऱ्या कासवाचे प्रत्येक हाड आधी ओळखता आले पाहिजे.

कासवाची हाडे ही मोठी नवलाची वस्तू आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, शंखातील गोगलगायीप्रमाणे कासव आपल्या कवचात नुसते राहत असते. ही समजूत चुकीची आहे. कासवाच्या पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन हाडांच्या तबकड्यांशी एकजीव झालेल्या असतात आणि त्यांचेच वरचे कवच बनते. पोटाखालचे कवचही हाडांच्याच तुकड्यांचे असते आणि या सर्वांवर आपल्या नखांसारख्या पदार्थाच्या खवल्यांचे आवरण असते. म्हणजे कवच हे कासवाचे घर नसून त्याचा देहच होय. कासव मेल्यावर वरचे खवले गळून पडतात, हाडांचे सांधे सुटतात आणि एकेक तुकडा विखुरला जातो. नदीच्या प्रवाहात तर हे तुकडे कोठच्या कोठे जातात. त्यामुळे मातीत सापडलेले कासव हे बहुधा एखाद्या फुटलेल्या घागरीच्या खापऱ्यांसारखे असते.

ज्याने खरी हाडे हाताळली आहेत, त्यास मात्र या खापऱ्याही बरेच काही सांगून जातात. मऊ कवचाच्या कासवाच्या हाडावर बारीक खळगे असतात, तसे इतर कासवांच्या हाडावर नसतात. समुद्रातील कासवाच्या पायांची हाडे लांबट होऊन त्यांची वल्ही बनलेली असतात. नदीतील कासवाच्या बोटांत पडदे असतात. जमिनीवर चालणाऱ्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाप्रमाणे जाड असून त्यांच्या बोटांची हाडे आखूड व थोडी असतात. एवढे ज्ञान पाठीशी असले की, बोटाच्या एका हाडावरूनही ते कासव पाण्यात राहत होते की जमिनीवर, याचा निर्णय करता येतो.

शिवालिकच्या थरांत फाल्कनर आणि कॉटली यांना जे कासवाचे अवशेष सापडले, त्यांतील काही तुकडे इतके जाड व वजनदार होते की ते कासवाचे आहेत हे प्रथमदर्शनी कोणास पटलेही नसते. परंतु जिवंत कासवांच्या सांगाड्याशी त्यांचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक सांधा जुळत होता. पायांची हाडे जमिनीवरील कासवासारखी होती; फक्त त्यांचे आकारमान प्रचंड होते. या प्राण्याचे नाव त्यांनी कोलोसोकेलिस ॲटलस असे ठेवले. पहिल्या शब्दाचा अर्थ महाकाय कासव, आणि ॲटलस म्हणजे ग्रीक पुराणातील आकाशाचा भार खांद्यावर वाहणारा पुरुष. आजचे शास्त्रज्ञ या कासवास मेगॅलोकेलिस ॲटलस या नावाने ओळखतात.

१८४४ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे फाल्कनर यांनी या कासवाचे वर्णन सादर केले. संपूर्ण कवच सापडले नव्हते. तेव्हा आज जिवंत असलेल्या कासवांत एखाद्या हाडाचे कवचाच्या लांबीशी जे प्रमाण असते, त्याच प्रमाणाने त्यांनी या कासवाचे माप काढले. कवचाची लांबी बारा फुटांहून थोडी अधिक आणि डोके व शेपटी धरून सर्व देह सुमारे अठरा फूट, असा त्यांचा अंदाज होता. एखाद्या लहानशा खोलीत मावणार नाही एवढे हे कासव! ब्रिटिश म्युझियममध्ये त्या कवचाची मोठी प्रतिकृती मांडण्यात आली आणि ती पाहून लोक विस्मयचकित झाले.

याच निबंधात फाल्कनर यांनी आणखी एक विचार मांडला आणि तो आपल्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे. विष्णूचा कूर्मावतार, पृथ्वीचा भार वाहणारे कासव, तसेच एकमेकांशी झुंजणाऱ्या हत्तीला व कासवाला पंजांत धरून उडालेला गरुड, या भारतीय कथांची त्यांना माहिती होती. जे कासव हत्तीशी झुंज देते ते सामान्य कासव असणे शक्य नाही. तेव्हा हे महाकाय कासव मनुष्याच्या काळापर्यंत जिवंत राहिले असेल आणि त्याची स्मृती या कथांतून टिकली असेल काय, असा तर्क त्यांनी केला. या कथांचा उगम त्याच कासवात आहे असे सिद्ध करणारा पुरावा पुढे मिळालेला नाही. तरीही परकीय राज्यकर्त्यांपैकी एक विद्वान आपल्या पुराणकथांकडे तुच्छतेने न पाहता त्यांत सत्याचा अंश शोधतो, ही गोष्ट त्या काळात थोडीथोडकी नव्हती.

महाकाय कासवाचे कौतुक सर्वांनी केले. परंतु फाल्कनर यांच्या दृष्टीची खरी परीक्षा एका लहानशा कासवाने घेतली. शिवालिकच्या त्याच थरांत त्यांना एका छोट्या कासवाचे कवच मिळाले. त्याच्या पाठीवर घराच्या आढ्यासारखा उंच कणा होता. उत्तर भारतातील नद्यांत आजही आढळणाऱ्या छपरी पाठीच्या कासवाशी त्यांनी ते ताडून पाहिले. एकेक तबकडी, एकेक सांधा तपासला आणि दोहोंत काहीच फरक त्यांना आढळला नाही. ज्या काळी ते महाकाय कासव, तो शिवाचा पशू आणि ते निरनिराळे हत्ती पृथ्वीवर नांदत होते, त्याच काळी हे लहान कासवही नदीकाठी ऊन खात बसत होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मोठे मोठे प्राणी नामशेष झाले आणि हा चिमुकला जीव मात्र तसाच टिकून राहिला! नवीन जात शोधल्याची कीर्ती प्रत्येकास हवीशी वाटते. परंतु सापडलेली वस्तू नवीन नाही, ती जुनीच आहे, असे सांगण्यास अधिक प्रामाणिकपणा लागतो. आणि ते सांगता आले, याचे कारण जिवंत कासवाची खरी हाडे त्यांनी आधी अभ्यासली होती.

या कार्याचा गौरव लवकरच झाला. १८३७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने आपले वोलॅस्टन सुवर्णपदक फाल्कनर आणि कॉटली या दोघांस मिळून दिले. ग्रंथ आणि संग्रहालये यांच्या अभावी या दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या बुद्धीने विचार करून हे ज्ञान मिळविले, याचाही त्या वेळी आवर्जून उल्लेख करण्यात आला. फाल्कनर यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

त्यांच्या इतर कामगिरीचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. हिमालयाच्या उतारावर चहाची लागवड होऊ शकेल असे मत त्यांनी १८३४ साली दिले आणि त्यांच्या देखरेखीखाली तेथे लागवड यशस्वी झाली. १८३७-३८ मध्ये त्यांनी पेशावर, काश्मीर आणि बाल्टिस्तान या भागांत प्रवास करून तेथील वनस्पती जमविल्या व हिमनद्या पाहिल्या. पुढे दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आल्यावर १८४८ पासून १८५५ पर्यंत ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हिवतापावरील औषध ज्या झाडाच्या सालीपासून मिळे, त्या सिंकोनाची लागवड या देशात करावी, अशी शिफारसही त्यांनी केली होती.

या अविश्रांत श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि १८४२ साली त्यांना रजा घेऊन मायदेशी जावे लागले. जाताना त्यांनी वाळविलेल्या वनस्पतींच्या सत्तर मोठ्या पेट्या आणि जीवाश्मांच्या अठ्ठेचाळीस पेट्या बरोबर नेल्या. हाडांचेच वजन पाच टन होते! कॉटली यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहाच्या तर दोनशे चौदा पेट्या झाल्या. आपल्या भूमीतील हा ठेवा परदेशी गेला याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. वनस्पतींच्या पेट्यांच्या नशिबी तर आणखी वाईट गोष्ट आली. लंडनमध्ये त्या ओलसर तळघरात पडून राहिल्या आणि पुष्कळशा वनस्पती कुजून गेल्या. वर्षानुवर्षांच्या वणवणीचे ते फळ असे मातीमोल झाले.

हाडे मात्र टिकली. त्यांची मांडणी व वर्णन करण्याचे काम फाल्कनर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि शिवालिकच्या प्राचीन प्राण्यांवर एक भव्य ग्रंथ काढण्याचे ठरले. १८४६ ते १८४९ या काळात त्या ग्रंथाचे नऊ भाग निघाले. त्यांत एकशे सात चित्रपृष्ठे होती आणि हजाराहून अधिक नमुन्यांची हुबेहूब चित्रे होती. चित्रे पूर्ण झाली. पण त्यांचे विवेचन करणारा मजकूर मात्र पहिल्या भागापलीकडे गेलाच नाही.

असे का व्हावे? फाल्कनर यांच्या स्वभावातील एक गुणच येथे दोष होऊन बसला. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. युरोपातील कोणत्या संग्रहालयात कोणता दात किंवा कोणते हाड आहे, हे त्यांच्या ध्यानात असे. परंतु आणखी एक नमुना पाहावा, आणखी एकदा ताडून पाहावे आणि मगच लिहावे, या हव्यासामुळे लेखन मागे पडत गेले. शिवालिकमध्ये सापडलेल्या अश्मीभूत माकडाच्या बाबतीतही असेच झाले. पुरेसा पुरावा हाती नाही म्हणून त्यांनी व कॉटलींनी वाट पाहिली आणि १८३६ साली बेकर व ड्युरंड यांनी जबड्याचे वर्णन प्रसिद्ध करून तो मान मिळविला. घाईने खोटे लिहिण्यापेक्षा उशिराने खरे लिहिणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु उशीर किती करावा यालाही काही सीमा असते.

१८५५ साली सेवानिवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. उरलेली दहा वर्षे त्यांनी गुहांमधील हाडांच्या अभ्यासात घालविली. इंग्लंडमधील ब्रिक्सॅमच्या गुहेत आणि सिसिली बेटावरील गुहांत नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर मनुष्याने घडविलेली दगडी हत्यारे मिळाली. त्यामुळे मनुष्यजात समजतो त्याहून फार प्राचीन आहे हे सिद्ध होण्यास साहाय्य झाले. माल्टा बेटावर पूर्वी राहणाऱ्या ठेंगण्या हत्तींचाही त्यांनी अभ्यास केला. डार्विन हे त्यांचे स्नेही. उत्क्रांतीविषयी दोघांची मते पूर्णपणे जुळत नसत. तरीही १८६४ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक डार्विन यांस मिळावे म्हणून फाल्कनर यांनी आग्रहाने शिफारस केली. मतभेद आणि मोठेपणा हे एकत्र नांदू शकतात, हे यावरून दिसून येते.

त्याच वर्षी जिब्राल्टरच्या गुहा पाहण्यासाठी ते गेले. तेथून थंडीच्या दिवसांत घाईघाईने परतताना त्यांची प्रकृती बिघडली आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी लंडन येथे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ते अविवाहित होते. त्या वेळी ते रॉयल सोसायटीचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या मस्तकातील केवढे तरी ज्ञान, कागदावर न उतरताच, त्यांच्याबरोबर गेले.

सुदैवाने त्यांची टिपणे राहिली होती. त्यांचे मित्र डॉ. चार्ल्स मर्चिसन यांनी ती मोठ्या कष्टाने जुळवून १८६८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. सहारनपूरच्या दिवसांतील मोजमापे, कासवांवरील निबंध आणि अपुरी राहिलेली वर्णने त्यामुळे जगास उपलब्ध झाली. मित्राने हे ऋण फेडले नसते, तर आज आपणास फाल्कनर यांच्या कार्याची अर्धी ओळखही झाली नसती. त्यांच्या जन्मगावी, फॉरेस येथे, १८७१ साली त्यांच्या कुटुंबाच्या नावाने एक वस्तुसंग्रहालयही उघडण्यात आले.

आता महाकाय कासवाकडे पुन्हा एकदा वळू. पुढील संशोधकांनी त्याच हाडांची पुन्हा मापे घेतली, नवीन सापडलेल्या अवशेषांशी ती ताडून पाहिली आणि फाल्कनर यांचा अंदाज फार मोठा होता असे त्यांस आढळून आले. लहान कासवातील हाडांचे प्रमाण मोठ्या कासवातही जसेच्या तसे राहते असे नाही. आज त्या कवचाची लांबी सुमारे दोन मीटर किंवा त्याहून थोडी अधिक मानली जाते. तरीही पृथ्वीवर होऊन गेलेल्या जमिनीवरील कासवांत ते सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरते. मग फाल्कनर चुकले म्हणून त्यांचे महत्त्व कमी झाले काय? मुळीच नाही. त्यांची चूक दुरुस्त करता आली, ती त्यांनी जपून ठेवलेल्या हाडांमुळेच. त्यांनी जर केवळ आपले मत लिहून ठेवले असते आणि हाडे टाकून दिली असती, तर ते मत खरे की खोटे हे आज कोणासच सांगता आले नसते. विद्येच्या क्षेत्रात पुरावा जपणे हे मत मांडण्याइतकेच मोलाचे आहे.

हिमाचल प्रदेशात नाहनजवळ सुकेती येथे १९७४ साली एक जीवाश्म उद्यान उघडण्यात आले. शिवालिकच्या प्राचीन प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा तेथे उभ्या केल्या आहेत आणि त्यांत ते महाकाय कासवही आहे. ज्या टेकड्यांतून ही हाडे निघाली, त्याच टेकड्यांच्या कुशीत ते आता पुन्हा उभे आहे. कधी त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर त्यास अवश्य भेट द्यावी.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे दरवर्षी समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस अभय दिलेले आहे. तेव्हा त्यांची अंडी वा कवचे कोणी घरी आणू नयेत. वाळूत एखादे मेलेले कासव आढळले तर त्याची वर्दी वनखात्यास द्यावी. फाल्कनर यांच्या काळी अभ्यासासाठी शिकार करावी लागे, आज तशी आवश्यकता राहिलेली नाही. वही, पेन्सिल आणि दोन डोळे एवढी सामग्री पुरेशी आहे. किनाऱ्यावर उमटलेली कासवाची पावले, त्यांतील अंतर, दिवस आणि वेळ यांची नोंद करावी. आणि मुख्य म्हणजे जे पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. नमुने गोळा करण्यात, ते ताडून पाहण्यात आणि नवे नसलेले नवे न म्हणण्यात फाल्कनर यांचे अनुकरण करावे. लिहिण्याचे काम उद्यावर टाकण्यात मात्र करू नये.

पुढच्या वेळी महादेवाच्या देवळात त्या दगडी कासवापुढे हात जोडाल, तेव्हा शिवालिकच्या उन्हात गुडघे टेकून मातीतून हाडाचा एक तुकडा अलगद उचलणाऱ्या त्या तरुण वैद्याचीही आठवण करा.